२,३१,००० किलोमीटर चाललेली स्कॉर्पिओ: घ्यायची की नाही?

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. गाव (पाटण तालुका)

गणपतीला घरी आलोय, तेव्हा आजपासून या कामाची वही सुरू. जुलैत एका रात्री अडीच वाजता बाबांना कराडला न्यायचं होतं. पाऊस धो धो आणि भाड्याच्या गाडीवाले फोन उचलेनात. शेवटी दूधवाल्याचा टेम्पो मिळाला. बाबा आता बरे आहेत. पण गाडी पाहिजे हे त्या रात्रीच ठरलं, फक्त कोणती ते राहिलं होतं.

गरज अशी: आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं, अधूनमधून आत्या. म्हणजे सात. गावचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता पावसाळ्यात असून नसल्यासारखा. गाडी गावीच राहणार, पुण्यातून मी येऊन-जाऊन वापरणार, एरवी चुलतभाऊ चालवेल. बजेट साडेपाच लाख, आणि त्यात घेतल्या घेतल्या करावं लागणारं काम धरून.

या पैशात कमी चाललेली सात सीटर मिळत नाही. त्याच वयाची इनोव्हा बघितली तर मालक दीड-दोन लाख जास्तच सांगतात. म्हणून स्कॉर्पिओ, सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या नव्या चेहऱ्याची, २१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनाची. चॅसीवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद, टायमिंगला बेल्ट नाही तर चेन. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पाटणपासून कराडपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला ती डोळे मिटून उघडता येते.

२ सप्टेंबर

रोज रात्री जाहिराती बघणं चालू. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटलं की लोक लिटरला किती देते ते सांगतात, त्यामुळे फोनवर आता सरळ ‘किती चाललीय?’ विचारतो. गंमत म्हणजे दहा वर्षांच्या दहापैकी सात गाड्या ७५ ते ९० हजारच चालल्यात. महाराष्ट्रात इतकी माणसं घरी बसून असतात?

दिल्ली पासिंगच्या दोन गाड्या लाखभर स्वस्त दिसल्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, म्हणून त्या इकडे येतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, पुन्हा नंबर, हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही. वगळल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार. पुणे

पितृपक्ष चालू, त्यामुळे गाड्यांच्या यार्डात शुकशुकाट. या पंधरवड्यात कोणी गाडी घरी नेत नाही, म्हणून बघायला आणि घासाघीस करायला हाच काळ बरा. एजंट स्वतः चहा घेऊन आला.

गाडी क्रमांक एक: २०१५, एस१० मॉडेल, पांढरी, मीटरवर ८४,२००. मागणी ६,१०,०००. नंबर दक्षिण महाराष्ट्रातला. पॉलिश अशी की त्यात माझा चेहरा दिसत होता. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. ‘आत्ताच पुढे घेऊन आलो साहेब.’ म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते आज कळणार नाही.

मग सावकाश बघत गेलो. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत. ८४ हजारांत इतकं झिजत नाही. ड्रायव्हर सीटची बाजूची उशी बसलेली. स्टिअरिंगला नवं कव्हर, बाकी सगळं ओरिजिनल असताना स्टिअरिंगलाच का?

बॉनेट उघडलं. लॅचजवळ कुठल्या तरी गॅरेजचा ऑइल बदलल्याचा प्लास्टिकचा टॅग लटकत होता. पेन पुसट झालं होतं, पण मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की वाचता येत होतं. पुढचं ऑइल: १,४६,०००.

एजंटला दाखवलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘मीटर बदललंय ना साहेब, पाणी गेलं होतं.’

हे वाक्य बोलून तो एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडला. मीटरपर्यंत पाणी गेलं म्हणजे किती पाणी? पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर चहाच्या डागासारखी तपकिरी आडवी रेघ होती. रोज वापरताना पट्टा तिथपर्यंत कधी येतच नाही, त्यामुळे धुणारे तो भाग विसरतात. सीटच्या खालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. डॅशबोर्डखाली बॉडीला अर्थिंग दिलेल्या वायरच्या टोकाला हिरवी पूड. मागच्या कार्पेटचा कोपरा उचलला तर खाली बारीक, सुकलेला, राखाडी गाळ.

२०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि २०२१ च्या जुलैतला चिपळूणचा, या दोन पुरांत किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. त्या गाड्या पुढे कुठे गेल्या हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. पुराची गाडी इंजिनाने दगा देईलच असं नाही, इंजिन खोलून साफ करता येतं. वायरिंगचं तसं नाही. सॉकेटच्या आत हळूहळू गंज चढतो, आणि एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा ईसीएम (कंप्युटर) सगळं त्याच वायरिंगवर चालतं. दोन वर्षांनी एखाद्या रात्री गाडी बंद पडेल आणि कारण सापडणार नाही.

चहा संपवला आणि निघालो.

१४ सप्टेंबर

एजंटचा फोन. ‘पाच सत्तरला देतो.’ नको म्हटलं. ‘पाच तीस?’

१८ सप्टेंबर, गुरुवार

चुलतभावाने कराडची एक गाडी शोधली. आल्याचे व्यापारी आहेत, गाडी पहिल्यापासून त्यांचीच. जून २०१५ ची एस१०, मध्ये दोन वेगळ्या खुर्च्या, मागे समोर तोंड करून बसायची सीट. मागणी ५,२५,०००. फोनवर विचारलं, ‘शेठ, किती चाललीय?’

‘दोन लाख एकतीस.’ काही लाज नाही, काही सारवासारव नाही. ‘वाशी मार्केटला महिन्यात तीन फेऱ्या. तुम्ही हिशेब घाला.’

घातला. कराड ते वाशी येऊन-जाऊन ५९० च्या आसपास. वर्षाला ३६ फेऱ्या म्हणजे २१ हजार. दहा वर्षं, त्यातली कोरोनाची दीड वर्षं कमी, वर गावातलं फिरणं. बसतंय.

एकच विनंती केली: रविवारी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

२१ सप्टेंबर, रविवार. कराड

सर्वपित्री अमावस्या. शेठच्या घरी पानं वाढलेली, त्यामुळे आधी जेवलो आणि मग गाडी बघितली. जेवल्यावर माणसाचं मीठ खाल्ल्यासारखं होतं आणि दोष काढायला जीभ वळत नाही. पुढच्या वेळी उपाशी जायचं.

मीटर २,३१,४१८. बॉनेट गार. चावी फिरवली, एअरबॅग आणि एबीएसचे दिवे आधी लागले आणि मग गेले. लागलेच नसते तर कोणी तरी ते मारून ठेवलेत असं समजायचं. सेल्फ मारला, दुसऱ्या फिरकीत उठली. सुरुवातीला हलका पांढरा धूर, अर्ध्या मिनिटात गेला. निळा नाही. निळा असता तर तिथेच हात जोडणार होतो, कारण निळा म्हणजे ऑइल जळतंय.

ऑइलचं झाकण काढलं. थोडी वाफ, झोत नाही. डिपस्टिकवर ऑइल काळं पण मध्यावर. कूलंटच्या डब्यात तेलाची साय नाही. टर्बोची शिट्टी रेसला वाढते, पण कर्कश नाही.

आता उणं. डिकीचं कार्पेट उचललं आणि पोटात गोळा आला: माती. गेल्या आठवड्याचा राखाडी गाळ डोळ्यांसमोर होता, आणि कराड तर कोयना-कृष्णेच्या प्रीतिसंगमावरच वसलेलं. पण ही माती लाल, ढेकळासारखी, आणि फक्त डिकीत. हातावर चोळली तर आल्याचा वास. पट्टे ओढून बघितले, चारही स्वच्छ. सीटचे बोल्ट कोरडे. शेठ म्हणाले, ‘बियाण्याच्या गोण्या टाकायचो. धुऊन ठेवणार होतो, तर पोरगा म्हणाला आहे तशी दाखवा.’ पोरगा हुशार आहे.

मग त्यांनी डायरी आणली. गाडी घेतल्याच्या दिवसापासून डिझेल किती लिटर, कुठे आणि मीटर किती, सगळं एका हाताने लिहिलेलं. दोन डायऱ्या भरल्यात. मी फोटो काढत गेलो. फेब्रुवारी २०२२ च्या मध्यापासून पाच आठवडे कोरे.

‘इथे काय झालं, शेठ?’

ते थोडे गप्प. मग म्हणाले, ‘उसाची ट्रॉली. रात्री, मागे रिफ्लेक्टर नाही, काही नाही. ब्रेक दाबला तरी बॉनेट खाली घुसलं.’

फोनवर हे सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं, हे खरं. तरी डाव्या बाजूचा हेडलॅम्प उजव्यापेक्षा पांढरा दिसतोय हे मघाशीच टिपून ठेवलं होतं, आणि ते कधी बोलतात याची वाट बघत होतो. विम्याच्या क्लेमचं बिल फाइलमध्ये आहे: बॉनेट, रेडिएटर, पुढचा बंपर, लॅम्प, १,३८,००० चं. एअरबॅग उघडल्याची नोंद बिलात नाही.

परत येताना बसमध्ये डोकं चक्रावलेलं. नीट सांभाळलेली, पण ठोकलेली. ठोकलेली, पण कागद असलेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना, आणि जीएसटीचे नवे दर आजपासून. मोठ्या एसयूव्हीवर आता सेस नाही, सरसकट ४० टक्के, आणि त्यामुळे नव्या स्कॉर्पिओचे भाव लाखभर उतरलेत. नवी मी घेणार नाहीच. पण नवी उतरली की जुनीला उतरावं लागतं, हे शेठ व्यापारी असल्यामुळे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

संध्याकाळी त्यांच्या मुलाने फास्टॅगचं स्टेटमेंट पाठवलं, मी मागितलं होतं. मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात कामाची गोष्ट. मीटर मागे करता येतं, सर्व्हिस बुकावर शिक्का मारून घेता येतो, पण टोलनाक्याची नोंद कोण बदलणार? २०२३ मध्ये वाशीच्या वाटेवरचा तासवडे नाका ७१ वेळा ओलांडलाय. म्हणजे पस्तीसेक फेऱ्या, साडेवीस हजार किलोमीटर. डायरीप्रमाणे त्या वर्षी गाडी २२,४०० चालली. उरलेलं कराडमधलं. जुळलं.

आणखी एक पुरावा फुकट मिळाला. ऑनलाइन चलन तपासलं तर दोन थकलेली, दोन्ही एक्स्प्रेसवेवर वेग जास्त असल्याची, म्हणजे वाशीच्याच वाटेवरची.

डायरीतून अ‍ॅव्हरेजही काढलं. २०१६ मध्ये १३.१, यंदा ११.८. नऊ वर्षांत सव्वा किलोमीटर घसरलं. क्लच सरकतोय की डिझेल फवारणारे नोझल थकलेत, हे गॅरेजमध्ये कळेल.

२८ सप्टेंबर, रविवार. कराड, पाटण, पोफळी

आज दिवसभर गाडी आमच्याकडे. शेठचा मुलगा बरोबर.

सकाळी आमच्या मिस्त्रींकडे लिफ्टवर. अपघातासाठी त्यांनी आधी चॅसीच्या पुढच्या लांब दांड्यांवरून (लाँग मेंबर) बोटं फिरवली, मग इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांची, म्हणजे अ‍ॅप्रनची पंचिंग मोजली. कंपनीतून येणारी वेल्डिंगची टिंबं जागच्या जागी आणि सारख्या अंतरावर. ‘नुसता चेहरा फुटला होता, हाडं शाबूत आहेत.’ स्कॅनर लावला: एअरबॅगचा एकही कोड नाही, नोझलचे आकडे चारही जवळ जवळ. क्राउनला (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरपेटीला) थोडी ओल, गळती म्हणण्याइतकी नाही. लोअर आर्मचे बुश फाटलेले, दोन्ही लिंक रॉड खुळखुळे. चॅसीला वरवरचा गंज, टिकाव मारल्यासारखी भोकं कुठेच नाहीत. (रत्नागिरीच्या एका गाडीचे फोटो आले होते, तिच्या चॅसीला खारी हवेने चाळण केली होती.)

टायरवर १९ सालचा शिक्का. नक्षी शिल्लक आहे, पण रबर सहा वर्षांचं, बाजूला भेगा. चारही बदलायचे.

मग कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावरून पोफळीपर्यंत उतरलो, तिथून सहा माणसं बसवून परत चढलो. ब्रेक सरळ लागतात, गाडी बाजूला ओढत नाही. चढताना तिसऱ्यात दाबलं तर रेस वाढली आणि गाडी जागच्या जागी. क्लचप्लेट संपलीय. तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलला नाही. पंधरा मिनिटांच्या चढावर तो काटा बघत बसणं ही माझी खरी परीक्षा होती, मुलगा बोलत होता त्यातलं एक अक्षर कानात शिरलं नाही.

घरी आल्यावर आईला बोलावलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिने दार उघडलं, पायरीवर एक पाय ठेवला, हाताने वरचा दांडा धरला आणि थांबली. गुडघा उचलेना. पुन्हा प्रयत्न. मग हसून म्हणाली, ‘ही गाडी आहे का माडी?’

मी लिफ्टवर दोन तास घालवले, नोझलचे आकडे वहीत उतरवले, आणि जिच्यासाठी गाडी तिला चढता येत नाही. बाबांनी आतून जेवायचा पाट आणून खाली ठेवला. त्यावरून ती चढली, मधल्या खुर्चीत बसली आणि उतरायला तयार होईना.

३० सप्टेंबर

हिशेब.

मिस्त्रींचा अंदाज: टायर ४६,०००, क्लच २१,०००, पुढचं सस्पेन्शन १३,५००, सगळी ऑइलं-फिल्टर-कूलंट ९,०००. एकूण ८९,५००. म्हणजे गाडीला ४,६०,००० च्या वर गेलो तर बजेट फुटतं.

दुसरा हिशेब बायकोने करायला लावला: गाडी न घेता भाड्याने? वर्षात साधारण २४ दिवस लागते, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, १८ रुपये दर, ड्रायव्हरचा भत्ता ४००. होतात १,३९,२००. स्वतःची असेल तर तेवढ्याच अंतराला १२ च्या अ‍ॅव्हरेजने ६०० लिटर, आजच्या भावाने ५४,३००. विमा १९,००० (त्यात नुसतं थर्ड पार्टीच ७,८९७ अधिक जीएसटी, दीड हजार सीसीवरच्या गाडीला सुटका नाही). दुरुस्तीला ४०,०००, आणि किंमत वर्षाला ५०,००० उतरणार. एकूण १,६३,३००.

भाड्याची गाडी २४,१०० ने स्वस्त. कागदावर उत्तर स्पष्ट होतं. बायकोने तो आकडा बघितला, त्याच्यापुढे पेनने ‘रात्री अडीच’ लिहिलं आणि वही मला परत दिली.

मुलांचा एक मुद्दा तिने वेगळा काढला. या पिढीच्या बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळाले होते. एस१० ला पुढे दोन एअरबॅग आहेत, पण मागे बसणाऱ्यांचा भरवसा पट्ट्यावरच. मागच्या सीटला पट्टे आहेत, कुलपं गादीखाली गेलेली ती वर काढली. आडव्या बाकांची गाडी असती तर मी नाहीच म्हटलं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा

आईचा आग्रह आजच आणायचा. पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय, कर्ज २०१९ मध्येच फिटलेलं असूनही. शिवाय नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नाही, ती नसेल तर आरटीओ नाव बदलायचं काम हातात घेत नाही. म्हणून आज फक्त इसार.

शेठ पाच लाखांवर आले होते. मी मिस्त्रींचा कागद पुढे ठेवला, चार चाळीस म्हणालो. त्यांनी कागद वाचला, क्लचच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘हे खरं आहे. मलाच जाणवत होतं.’ चार साठला तुटलं. ११,००० इसार, साध्या कागदावर दोघांच्या सह्या: बोजा उतरवणं, नंबरप्लेट आणि चलनं शेठकडे, झालं नाही तर इसार परत.

आईने आपट्याची पानं त्यांच्याच हातात दिली.

१७ ऑक्टोबर

बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ जमा, बोजा उतरला. नंबरप्लेट बसली. चलनं भरली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज झाल्यावर गाडी घरी. उरलेले पैसे बँकेतून, रोख नाही. फॉर्म २९ आणि ३० वर माझ्यासमोर सह्या. एजंट लोक कोऱ्या टीटी (नाव बदलायच्या) फॉर्मवर सही घेऊन ठेवतात, तसं नाही. गाडी बाबांच्या नावावर, गावच्या पत्त्यावर, म्हणजे आरटीओ कराडचंच. विम्यातला नो क्लेम बोनस शेठचा, तो त्यांच्याबरोबर जाणार. फरकाची रक्कम आम्ही भरली आणि पॉलिसी नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांच्या मुदतीत जाईल असा आजच दिला.

डायरी शेठने ठेवून घेतली. मला ती हवी होती. मागितली नाही.

८ नोव्हेंबर

क्लच, टायर, बुश झाले. बिल ९४,२००, कारण क्लच खोलल्यावर फ्लायव्हीलवर जळाल्याचे डाग निघाले आणि ते लेथवर द्यावं लागलं. क्राउनची ओल तशीच आहे, खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, रोज सकाळी बघायचं काम बाबांकडे.

पाटणच्या वेल्डरने डाव्या बाजूला जाळीची खालची पायरी लावून दिली, जमिनीपासून वीतभर वर. १,८०० रुपये. आई दोनदा चढली-उतरली. तिसऱ्यांदा पिशवी घेऊन चढली, म्हणाली बाजार आहे, चल.

टाकी भरली. नव्या वहीत पहिली ओळ: ५२ लिटर, मल्हारपेठ, २,३२,१७६.